बरोबरच्या खुणेखाली ठिपका

३ नोव्हेंबर

धाकट्या,

समुद्रकाठच्या कठड्याच्या एका खांबाला खरोखर काय काय लागतं, ते परवा कागदावर मांडून पाहिलं. बेचाळीस किलो बीडाचं लोखंड. तीन पाट्या वाळू, आणि ती चाळायला एक माणूस अर्धा दिवस. साचेवाल्याचे दोन दिवस, कारण वरचा गोळा नेहमी त्रास देतो. भट्टीचा एक फेरा. घासायला एक दिवस, रंगाचे दोन हात. एवढ्यात खांब उभा राहतो. हे नव्या खांबाचं झालं. जुन्या दोनशे चौदा नंबरच्या खांबाला याखेरीज एक घड्याळजी लागले आणि एक भाऊ लागला. घड्याळजी परत यायचे नाहीत. म्हणून भावाला लिहितोय.

नऊ वर्षं झाली. शहराच्या सुट्टीची गर्दी कठड्याला टेकली, दोनशे चौदा बुडातून तुटला, तिघं खाली खडकांवर गेले. दोघं हाडं मोडून वाचले, घड्याळजी गेले. चौकशीत खांबावरची खडूची खूण तुझ्या हातची निघाली, नियमात खूण ज्याची जबाबदारी त्याची, आणि तुझा तपासणीचा परवाना गेला. हे तुला सांगायची गरज नाही. पण नऊ वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

तू आता गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या एका दुकानात वेल्डिंग करतोस, मालक बरा आहे, खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना अंधारा आहे, एवढं मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. माझे कान लांबचंही ऐकतात.

बातमी अशी की नगरपालिकेने काठाचा अख्खा कठडा बदलायचं काम आपल्या ओतशाळेला दिलं. घड्याळाच्या मनोऱ्यापासून दीपगृहापर्यंत, चारशे बारा खांब, सगळे नवे. ज्या कठड्याचा गंज खरवडायला मी रोजंदारीवर लागलो, तोच आता माझ्या भट्टीतून निघाला. इंजिनियर साहेब म्हणाले, "तपासायला मशीन मागवू या, बाहेरून येतं." मी म्हटलं, "साहेब, मशीन आजारी पडतं, त्याला वायर लागते, त्याच्या माणसाला चहा लागतो. हे दोन कान चहासुद्धा मागत नाहीत." ते हसले. मग सगळे खांब अंगणात आडवे टाकले, नेहमीसारखा डावा कान टेकवला, उजव्या हाताने हातोडी मारली, एकेक करून चारशे बारा. सगळे पास. साहेबांनी सही केली. या शहरात बीड ऐकणारा असा कान दुसरा नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त नाही म्हणत नाही.

नऊ तारखेला शहराची सुट्टी. त्याच दिवशी काठ पुन्हा उघडणार आहे. ये. स्टेशनवर कुणी घ्यायला येणार नाही, भाषण करायला लावणार नाही. नुसता ये आणि बघ.

तुझी वहिनी इथंच माझ्या उजव्या हाताला मटार सोलत बसली आहे. तिला विचारलं, आणखी काय लिहू? म्हणाली, "खरं लिहा." तिला काय, तोंडाने सांगायचं असतं.

दादा

९ नोव्हेंबर, सुट्टी, संध्याकाळी

धाकट्या,

तू आला नाहीस. मी तीन गाड्या पाहिल्या. स्टेशनवर घ्यायला येणार नाही असं लिहिलं होतं, त्यामुळे मी तिथं असण्याचं कारण नव्हतं. पेपर घ्यायला गेलो होतो असं समज.

आभाळ सकाळपासून शिशाच्या रंगाचं. फीत कापली, बँड वाजला, साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो फोटोवाल्याचं होईपर्यंत ठेवला. मग सगळे खायच्या टेबलाकडे वळले आणि मी एकटा निघालो. तीस वर्षं या काठाचे खांब पाहिले, काठ कधी पाहिला नव्हता. आज ठरवलं, खांबांकडे बघायचं नाही.

बघण्यासारखं पुष्कळ आहे रे. मनोऱ्याजवळ भिंतीत एक दगड आहे, त्यावर आडवी रेघ आणि एक जुनं साल. त्या वर्षी पाणी तिथवर चढलं होतं. रेघ माझ्या छातीला लागते. पुढे बँडचा चबुतरा, आठ खांबी, छताच्या आतल्या बाजूला रंगाचे इतके थर की एका पोपड्यात पाच रंग दिसतात, आजोबांपासून नातवापर्यंत. मग होड्यांच्या तिकिटांची खिडकी. होड्या बंद होऊन चाळीस वर्षं झाली, खिडकीवर अजून "रांगेत उभे राहा" लिहिलंय. तिथून खाली पाण्यात दगडी पायऱ्या उतरतात. वरच्या सात पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झाल्यात, खालच्या शेवाळाने हिरव्या. एवढी माणसं त्या उतरून गेली आणि झिजलेल्या पायऱ्यांखेरीज त्यांचं काही राहिलं नाही. बाकांच्या पाठीवर नावं कोरलेली. काही जोड्यांतलं एक नाव नंतर कुणीतरी खरवडून काढलंय, आणि त्या कामात कोरण्यापेक्षा जास्त मेहनत दिसते.

जाताना समुद्र डाव्या हाताला होता. अगदी गप्प होता. एवढं पाणी आणि हूं नाही की चूं नाही. उजवीकडच्या बाकांवरचं मात्र सगळं ऐकू येत होतं. एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "काठ नवा केला, आता आपल्याला कधी बदलतात बघू." दुसरा म्हणाला, "आपल्याला रंगावरच भागवतील." एक बाई फोनवर, "मी मजेत आहे, म्हणजे बसले आहे." मी चालत राहिलो. खांब बघायचे नाहीत असं ठरवूनही पाय मोजत होते. दोनशे बारा, दोनशे तेरा.

समोरच्या बाकावर घड्याळजींची बायको बसली होती. शेजारी तिची बहीण. मी खांबापाशी पाठमोरा उभा राहिलो, समुद्र बघतोय असं दाखवत.

बहीण म्हणाली, "ताई, दर सुट्टीला इथंच काय येऊन बसायचं? पुढे बाक रिकामे आहेत."

"दुसरीकडे बसले तर यांना सापडणार नाही."

"काहीतरीच बोलतेस."

"अगं, त्यांना वेळ कळायची, रस्ते कळत नव्हते." मग तीच म्हणाली, "तो खडूवाला नंतर आला होता माझ्याकडे. सांगितलं होतं का तुला?"

"कोण, तो धाकटा? कशाला?"

"दारातच उभा राहिला. म्हणाला, खूण माझ्या हातची आहे. मी म्हटलं, बाबा, तुला खरंच वाटलं होतं का तो खांब चांगला आहे म्हणून? तर हो नाही की नाही नाही. शेवटी म्हणाला, माझ्या दादाचा कान चुकत नाही."

"मग?"

"मग काय. चपला उलट्या घातल्या आणि गेला."

मी तिथून हललो, तो दीपगृहापर्यंत थांबलो नाही. तू तिच्या दारी गेला होतास हे मला माहीत नव्हतं. मी नऊ वर्षांत गेलो नाही. त्यांच्या गल्लीतून जायची वेळ आली तर मागच्या रस्त्याने जातो आणि तुझ्या वहिनीला सांगतो की पुढे खोदलंय.

परतताना समुद्र उजवीकडे आला आणि एकदम गर्जायला लागला. भरती लागली असावी. भरती-ओहोटीच्या फळ्यावर मात्र ओहोटी लिहिली होती. फळेवाला सुट्टीवर असेल.

कठडा छान दिसतो. लोक टेकून उभे होते. कठड्याला टेकलेल्या माणसाकडे मला बघवत नाही, पण ती माझी खोड झाली.

दादा

१६ नोव्हेंबर

धाकट्या,

दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत जे लिहायचं ते लिहिलं नाही. हे रजिस्टरने पाठवतोय, पोचपावतीसह, म्हणजे मिळालं नाही असं मला स्वतःला सांगता येणार नाही.

आपली पद्धत तुझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, तरी क्रमाने लिहितो. मला ते क्रमाने लिहिण्याची गरज आहे. मी खांबाला कान लावून ठोकायचं. "घे" म्हटलं की तू खडूने बरोबरची खूण करायची, "सोड" म्हटलं की फुली. तिसरी गोष्ट भट्टीवाल्या बाबांनी शिकवलेली, कुठं लिहिलेली नव्हती. मागे उभ्या असलेल्या लिहिणाऱ्याला आवाज पटला नाही, तर त्याने वाद घालायचा नाही. खुणेखाली एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे, पुन्हा ऐक. संध्याकाळी ठोकणाऱ्याने प्रत्येक ठिपक्याकडे परत जायचं, आणि मगच हातोडी पिशवीत टाकायची. बाबा म्हणायचे, ठोकणारा आपल्याच आवाजावर खूश असतो, म्हणून मागे एक उपाशी कान ठेवायचा.

त्या वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी चारशे बारा खांब झाले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. चबुतऱ्यावर बँडची तालीम चालू होती. ठिपका फक्त एकच होता.

"दादा, दोनशे चौदाचा ठिपका राहिला."

"परवा बघू."

"उद्या सुट्टी आहे. अख्खं गाव टेकणार आहे तिथं."

"मग आधी तुझे कान तपासून घे. मी बीड ऐकत होतो तेव्हा तू चड्डीची नाडी बांधायला शिकत होतास."

रंगारी हसले. तूही हसलास, थोडंसं. हातोडी मी पिशवीत टाकली.

आणि चौकशी. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे तीन पेले, आपल्याला पेला नाही. तुटलेल्या खांबाचा फोटो त्यांनी पुढे सरकवला. बरोबरची खूण ठसठशीत, खाली ठिपका. मधल्या माणसाने त्यावर पेन्सिल ठेवली. "हे काय आहे?"

प्रश्न मला होता. तू माझ्या डाव्या बाजूला उभा होतास. मी म्हटलं, "खडूचा डाग असेल."

त्यांनी तुला विचारलं, "यावर तुम्हाला काही सांगायचंय?" तू फोटोकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही. म्हणालास, "नाही."

एवढंच झालं. मी खोटी सही केली नाही, कागद बदलला नाही, कुणाला काही दिलं नाही. तीन शब्द बोललो. त्यानंतर मी स्वतःला सांगत आलो की ओतशाळेत तीस घरं पोसली जातात, मालक बुडाला तर सगळे बुडतील, तू एकटा आहेस, तरुण आहेस, कुठंही निभावशील. हे सगळं मी नंतर जमवलं. त्या खोलीत त्यातलं काहीही मनात नव्हतं. तिथं फक्त एवढंच होतं की लोक म्हणतील, याचा कान चुकला.

तू गेलास त्या दिवशी ट्रंक उचलताना मी म्हटलं होतं, "थांब, रिक्षा बोलावतो." तू म्हणालास, "नको दादा, हलकी आहे." ती हलकी नव्हती. मी खिडकीतून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत तू तीनदा खांदा बदललास.

माफी मागायला हे पत्र नाही. माफी मागणारा माणूस उत्तराची वाट बघतो, आणि तो भार तुझ्यावर टाकायचा हक्क मला नाही. पण वाट बघतोय हे खरं आहे.

दादा

३० नोव्हेंबर

धाकट्या,

पोचपावती आली. तुझी सही, आणि सहीखाली एक ठिपका.

पावती दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. सवयीने पडला असेल. पेन टेकलं असेल. शाईचा डाग असेल, असंही मनात आलं, आणि मग मलाच माझा आवाज ऐकू आला.

मंगळवारी सकाळी हातोडी घेऊन काठावर गेलो. धुकट होतं, माणूस नाही, फक्त नगरपालिकेची झाडूवाली पानं गोळा करत होती. दोनशे चौदापासून सुरुवात केली. डावा कान टेकवला, ठोकलं, खणखणीत. पंधरा, सोळा. दोनशे सतराला ठोकलं, तोही बरा वाटला. मी पुढे निघालो तर बाई म्हणाली, "काका, हा असा काय वाजतो? फुटक्या पातेल्यासारखा?"

मी म्हटलं, "चांगला वाजतोय की."

"तुमची मर्जी. आमच्या घरी असलं पातेलं मोडीत देतात."

मी परत आलो. पुन्हा डावा कान लावला, पुन्हा ठोकलं. बरा. बाई झाडूवर हनुवटी ठेवून बघत होती. मग हातोडी डाव्या हातात घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा उजवा कान खांबाला लावला.

आत कुणीतरी दात खात होतं. बुडाशी, वीतभर वर, सरळ चीर.

मी तसाच खाली बसलो. लोखंड गार होतं ते गालाला कळत होतं. डाव्या कानाने मी खांब ऐकतच नव्हतो. जे काही ऐकू येत होतं ते उजव्या कानाने, हवेतून, रस्त्यावरच्या कुणालाही यावं तसं. आणि रस्त्यावरची बाई माझ्यापेक्षा चांगलं ऐकत होती. तिने विचारलं, "पाणी देऊ का?" मी म्हटलं, "दोरी आहे का?"

दोनशे सतराला दोरी बांधून तिला तिथं उभं केलं आणि साहेबांच्या कचेरीत गेलो. अंगणातले चारशे बारा खांब ज्या कानाने पास केले तो कान बहिरा आहे, अख्खा काठ बंद करा, मशीन मागवा, असं सांगितलं. मग कागद मागितला आणि ठिपक्याचं लिहून दिलं. परवा बघू, तुझे कान तपासून घे, खडूचा डाग असेल, सगळं, तुला लिहिलं तसंच. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

"कळतोय."

"नऊ वर्षांनी कशाला? कुणी विचारलंय तुम्हाला?"

"हो, एकाने विचारलंय."

मशीन आलं. त्याच्या माणसाला चहा लागतो, दिवसाला सहा कप. त्याने सात खांब नापास केले. सुट्टीच्या दिवशी त्या सातांपैकी प्रत्येकाला कुणी ना कुणी टेकलं असणार. त्यातल्या एकाशी फोटोवाल्याने मला आणि साहेबांना उभं केलं होतं.

ओतशाळेचं काम गेलं. परवाना आता माझा अडकलाय. साचेवाला आणि भट्टीवरचे चौघं दुसरीकडे लागले, बाकीचे वाट बघतायत, मला तोंड दाखवायला लाजतात, म्हणून मीच उशिरा जातो. जुनी चौकशी पुन्हा उघडणार आहे. तुला बोलावणं येईल. या वेळी तुला विचारलं की काही सांगायचंय का, तर नाही म्हणू नकोस. तुझं नाव धुऊन निघेल असं साहेब म्हणतात. घड्याळजींच्या घरीही गेलो. पुढच्या रस्त्याने. तिने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, आत बोलावलं नाही. दार लावताना एवढंच म्हणाली, "तुमच्या भावाला कळवा, चपला उलट्या घालून गेला होता."

मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानात शिट्ट्या वाजवल्या. उजवा कान वयाच्या मानाने उत्तम, डावा पूर्ण गेलेला. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाले, "ते मशीन सांगत नाही. वर्ष असेल, पंधरा असतील."

आता खरं लिहायला बसलोय तर हेही लिहितो. त्या "वर्ष असेल"वर मी घरी येईपर्यंत जगलो. कान गेल्या वर्षी गेला असेल, तर नव्या खांबांची चूक बहिऱ्याची ठरते. आणि दोनशे चौदाच्या वेळी कान शाबूत होता, फक्त घाई झाली, बँड वाजत होता. तीस वर्षांतली एक संध्याकाळ सोडली तर माझा कान शहरात एक नंबर होता. एवढं तरी माझ्याकडे राहावं, असं वाटलं.

जेवताना तुझ्या वहिनीला सांगितलं, डॉक्टर म्हणतात गेल्या वर्षी गेला असेल.

ती वाढत होती. पळी भांड्यात परत ठेवली.

"भावजी घर सोडून गेले त्याच्या दोन वर्षं आधीपासून," ती म्हणाली, "मी तुमच्या उजव्या बाजूला बसते."

दादा